हजेरीचा फोटो कुणाकडे जातो?

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम येथे अंगणवाडी सेविका, आशा, रोजगार हमीवर जाणाऱ्या आणि बचत गटांतल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कामाच्या जागेवरचा खाजगीपणा हा आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. बरोबर आहे. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या बाईला खाजगी काय असतं? आणि धुऱ्यावर, रोहयोच्या खड्ड्यावर, अंगणवाडीच्या एका खोलीत कुठला आला खाजगीपणा? तो काचेच्या हापिसातल्या लोकांचा शौक, असं आपल्याला वाटतं. मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. ज्यांच्याकडे काचेचं हापिस आहे त्यांना दार लावून घेता येतं. आपल्याला येत नाही, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापेक्षा आपला जास्त आहे.

खाजगीपणा म्हणजे काही लपवाछपवी नव्हे. माझ्याबद्दलची कुठली गोष्ट कुणाला कळावी, हे ठरवण्यात मला काही वाटा असणं, एवढाच त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितलं की हा मूलभूत हक्क आहे. निकालात हक्क ‘प्रत्येकाचा’ आहे. खड्डे खोदणारी बाई त्या ‘प्रत्येका’त येते की नाही, ते आपण बघू.

रोजगार हमीपासून सुरुवात करते, कारण ती आपल्या महाराष्ट्राची. बहात्तरच्या दुष्काळातून ती उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने तो विचार उचलला. हजेरी तेव्हा मस्टरवर लागायची. अंगठा उठवायचा. मस्टर बोगस असायचं, हेही तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. मेलेली माणसं कामावर यायची आणि जिवंत बाईचे दिवस कमी लागायचे. हे थांबवायला म्हणून मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलवरचं हजेरीचं अ‍ॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सगळ्या सार्वजनिक कामांवर सक्तीचं केलं. सकाळी एक फोटो, दुपारी एक फोटो, दोन्हींवर जागेचा ठसा.

आता काम अंगावरचं. बाई पहाटे आली, नेमून दिलेलं माप उरकलं, तर पूर्वी ती घरी जायची. लेकरू असायचं, चूल असायची. अ‍ॅप आल्यावर दुसऱ्या फोटोसाठी तिला थांबावं लागलं किंवा उन्हात पुन्हा यावं लागलं. नेटवर्क नसलं, फोटो चढला नाही, तर केलेल्या कामाची मजुरी अडकली. मातीचं काम डोळ्यांसमोर आहे, खड्डा मोजता येतो, पण फोटो नाही म्हणून दिवस नाही! याच प्रश्नावर २०२३ च्या फेब्रुवारीत वेगवेगळ्या राज्यांतले मजूर दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले होते. कायद्यात पाळणाघराचंही कलम होतं बरं का. सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. कॅमेरा कामावर पोचला. ती बाई किती ठिकाणी पोचली, ते तुम्हीच सांगा.

आणि हे फोटो जायचे कुठे? सरकारी संकेतस्थळावर. जगात कुणीही उघडून बघावेत असे. डोक्यावर पदर, घामेजलेला चेहरा, गाव, तारीख, वेळ. त्या बाईला कुणी विचारलं होतं का? गावात एखाद्याने असा फोटो काढून चावडीवर लावला असता तर आपण भांडलो असतो.

कुणी म्हणेल, भ्रष्टाचार थांबत असेल तर एवढं सोसावं. मी त्यावर विचार केला आहे. पण थांबला का? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढावं लागलं. फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, भलतेच फोटो टाकले जातात, सकाळची माणसं वेगळी आणि दुपारची वेगळी, हजेरीत बायका-पुरुषांचा आकडा एक आणि फोटोत दुसराच. ही माझी टीका नव्हे, सरकारने स्वतः लिहिलेलं आहे. लुटणारा अ‍ॅपमधूनही लुटतो. सापडते ती प्रामाणिकपणे राबणारी, जिचा फोन जुना आहे.

मस्टरवर इलाज सापडला होता, तो यंत्राचा नव्हता. १९९४-९५ साली राजस्थानात मजुरांनी गावात जनसुनवाई भरवून मस्टर मोठ्याने वाचून दाखवली. नाव वाचलं की गाव सांगायचं, हा तर मेला, ही तर सासरी गेली. त्यातूनच पुढे माहितीचा अधिकार आला. तिथे मजूर कारभाऱ्यावर नजर ठेवत होते. अ‍ॅपमध्ये कारभारी मजुरावर ठेवतो.

कॅमेऱ्याचं किंवा यंत्राचं मला वावडं नाही. आपली चळवळ तंत्रज्ञानाच्या प्रश्नाला नवीन नाही. गर्भलिंगतपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो बायकांच्या संघटनांनी रान उठवलं म्हणून. पुढे कोल्हापुरात सोनोग्राफीच्या यंत्राला सगळ्या तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण जोडलं गेलं, तेव्हा डॉक्टर मंडळी उच्च न्यायालयात गेली. रुग्णांच्या खाजगीपणाचा मुद्दा त्यांनी मांडला, २०११ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. तो वादही सोपा नव्हता, कारण नोंद डॉक्टरची असली तरी पोट बाईचं होतं. म्हणून कुठलंही यंत्र आलं की मी दोनच गोष्टी बघते: त्याचं तोंड कुणाकडे आहे आणि चावी कुणाकडे आहे.

आता अंगणवाडीच्या ताईंकडे येते. त्यांचं दुखणं मोठं आहे. पूर्वी रजिस्टरं होती, मग २०१९ मध्ये फोन आले. ते तापायचे, अडायचे, आणि मार्च २०२१ मध्ये जे पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं ते इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या बाईने इंग्रजीत बाळाचं वजन भरायचं! ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मला ते आंदोलन फार महत्त्वाचं वाटतं. बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, असं त्यावर बोललं गेलं. साफ खोटं. ज्या बाईला जमत नाही ती गप्प बसते. फोन परत करणारीला तो काय करतो आणि काय करत नाही, हे नीट कळलेलं असतं. संघटना उच्च न्यायालयातही गेली. पुढे अ‍ॅप मराठीत आलं, ते आपोआप आलं नाही.

त्यानंतर आली चेहऱ्याची ओळख. १ जुलै २०२५ पासून गरोदर बाईला, बाळंतिणीला, लहान लेकराच्या आईला घरी न्यायचा आहार द्यायचा तर तिचा चेहरा फोनला पटला पाहिजे. आधी आधारशी जोडणी, त्यासाठी ओटीपी. एकीकडे बँक रोज सांगते, ओटीपी कुणाला देऊ नका. दुसरीकडे सेविका दारात उभी राहून ओटीपी मागते. आणि फोन कुणाकडे? नवऱ्याकडे. नवरा कुठे? पुण्याला नाहीतर सुरतेला कामावर. मग पाकीट राहिलं. बाई चिडते ती दिल्लीवर नाही, समोरच्या ताईवर.

यात आणखी एक पदर आहे, तो बाहेर कुणी बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला बाई का कचरते? कारण अजून तिने सासूला सांगितलेलं नसतं, किंवा मागच्या वेळी पडलं होतं म्हणून मन धजत नसतं. आपल्या जुन्या सेविका हे जाणून थांबायच्या, चार दिवसांनी पुन्हा जायच्या. ते त्यांचं शहाणपण. अ‍ॅपमध्ये अशा थांबण्याला रकाना नाही.

आपल्या वाशिमला तर त्यात एक भर आहे. २०१८ मध्ये जे ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले गेले त्यात नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपण. ४९ निर्देशांक, त्यात आरोग्य-पोषणाचं वजन सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि दर महिन्याला क्रमवारी. क्रमवारी सुधारली की जिल्ह्याचं नाव होतं. तो आकडा भरते कोण? इथं मागे बसलेली बाई. आकडा कमी पडला की साहेबाचा फोन जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून पर्यवेक्षिकेला, आणि रात्री दहाला हिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. हिला पगार नाही, मानधन आहे. हक्क मागितले की ती स्वयंसेविका, नजर ठेवायची तेव्हा मात्र पक्की कर्मचारी! ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला, आणि तरी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना बेमुदत संपावर जावं लागलं.

त्याच फोनवर रात्री कुणाकुणाचे फोन येतात, हेही आपल्याला माहीत आहे. आशाताईचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. १९९२ साली भंवरीदेवीवर अत्याचार झाला तो बालविवाह रोखण्याचं सरकारी काम करताना, गावातच. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, पुढे २०१३ चा कायदा. गाव ही तुमची कामाची जागा आहे, आणि कामासाठी दिलेल्या नंबरवर येणारा घाणेरडा फोन हा कामावरचा त्रास आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि तक्रार करणारीचं नाव बाहेर फोडणं त्या कायद्याने गुन्हा आहे.

आता जरा वर बघू. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहातली एक चित्रफीत सगळ्या राज्याने पाहिली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, हातात मोबाइल, पडद्यावर रमी. आपण रमी खेळत नव्हतो, मध्येच आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं यात मी जात नाही. ज्यांनी चित्रफीत बाहेर आणली त्यांच्यावरही त्यांनी बदनामीचा आक्षेप घेतला. सभागृहात कुणी कुणाचं चित्रण करावं, यावर मोठी चर्चा झाली. शेवटी त्यांचं कृषिखातं काढून क्रीडाखातं दिलं. (हशा.) हसा, पण नीट बघा. त्यांना आपली बाजू मांडता आली. चौकशी मागता आली. चित्रण कुणी केलं, असं विचारता आलं. दुपारचा फोटो चढला नाही म्हणून ज्या बाईचा दिवस गेला, तिला यातलं काय मिळालं?

रमी मंत्र्यांपुरती नव्हती. सोयाबीनचे पैसे आले की कुठे जातात, हे पूर्वी आपल्याला गुत्त्यावर जाऊन कळायचं. मोबाइलमधला जुगार अंथरुणात चालतो, आवाज नाही, वास नाही. खेळवणाऱ्या कंपनीला मात्र सगळं दिसतं: कोण रात्री दोनला जागा आहे, कोण हरतोय, कुणाला थोडा बोनस टाकला की परत येईल. बायकोला जे कळत नाही ते कंपनीला कळतं. आणि कर्ज? ते बचत गटातून, बाईच्या नावावर. हप्ता वसूल करणारा तिच्याच दारात येतो. सरकारनेच संसदेत सांगितलं की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये घालवतात. त्याच खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी घेतला जात होता, तोही त्याच घरांतून.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. हे योग्यच आहे. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ थांबवले, काहीजण कोर्टात गेले, आणि परदेशातून चालणारी चोरटी अ‍ॅप्स आहेतच. पण घरात आधीच उरलेल्या कर्जाचं काय, यावर त्या कायद्यात एक ओळ नाही. दारूबंदीच्या लढ्यातून आपण हे शिकलो आहोत की बंदीनंतरचं काम बायकांनाच करावं लागतं.

शेवटी कायद्याचं, जरा कोरडं आहे, ऐका. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नाव छान आहे. त्याच्या सातव्या कलमात मात्र सरकारी लाभ देण्यासाठी आणि नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला नव्याने संमती लागत नाही, अशी सोय आहे. म्हणजे आपण जिथे जिथे सरकारला भेटतो, नेमकं तिथेच आपल्या ‘हो-नाही’ला जागा उरत नाही. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचं ८(१)(जे) कलम बदललं, नोव्हेंबर २०२५ पासून. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की अधिकाऱ्याला कागद नाकारणं सोपं झालं. मजूर बाईचा चेहरा जगाला उघडा, आणि बिलावर सही कुणाची ते वैयक्तिक! डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी जो नवा कायदा संसदेने मंजूर केला, त्यात तर बोटांचे-चेहऱ्याचे ठसे, जागेवरची देखरेख, कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं कायद्यातच लिहिलं आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हे विचारायचं. फोटो चढला नाही तर प्रत्यक्ष मोजमापावर मजुरी देणार की नाही, ते लेखी द्या. चेहरा जुळला नाही म्हणून गावात किती जणींचा आहार थांबला, नावं नकोत, आकडा द्या. आमचे फोटो किती दिवस ठेवता आणि कोण बघतं? ठराव इतिवृत्तात आला की नाही, ते तिथेच वाचून घ्या. माहितीचा अर्ज नाकारला तर अपिलात ८(२) लिहा. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं म्हणणारं ते कलम अजून शाबूत आहे. अर्जाचा नमुना आपण मराठीत केला आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडून घ्या, आणि बचत गटाच्या कर्जाची अडचण असेल त्यांनी नंतर थांबा, ते सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.