मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी

औरंगपुऱ्यात भाजी घेताना हातातली पिशवी अचानक गळून पडली, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे अंधार आला आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी घरी जाऊन पडून राहू नका. १०८ला फोन करा, नाहीतर तडक घाटी रुग्णालय गाठा. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्यात का, हे कॅरोटिड डॉपलर या सोनोग्राफीत दिसतं. सुई नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. मानेवर जेल लावून प्रोब फिरवतात, साधारण अर्ध्या तासात तपासणी होते. पाण्याच्या नळीचं तोंड दाबलं की धार जोरात उडते, तसा अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो. तो सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला, तर अडथळा सहसा ७० टक्के किंवा अधिक धरतात.

लक्षणं नसताना, केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून सरसकट सगळ्यांनी ही तपासणी करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. चुकीच्या निदानातून नको ती शस्त्रक्रिया मागे लागू शकते. डॉपलरमध्ये मोठा अडथळा दिसला, तर बहुधा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने खात्री करून मगच डॉक्टर शस्त्रक्रियेचं ठरवतात.