तारखेपेक्षा नियम महत्त्वाचा

2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा 3 मेला व्हायची होती. करोनाच्या साथीमुळे ती आधी 26 जुलैवर आणि मग 13 सप्टेंबरवर गेली. परीक्षा लांबली म्हणून पालक चिडले, असं सरसकट म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. खरा जाच होता तो टांगणीचा. मुंबईत सर्वसामान्यांसाठी लोकल बंद होती. प्रवेशपत्र दाखवून गाडीत चढायची मुभा मिळाली, ती 1 सप्टेंबरला सुरू होणाऱ्या, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईईच्या अगदी तोंडावर. तोवर लांबच्या कर्जत-कसाऱ्याच्या आईवडिलांनी भाड्याची गाडी ठरवायची की थांबायचं?

साथीचं भाकीत कुणाला करता येणार होतं, हा आक्षेप रास्तच आहे. वर्ष वाया जाण्याची भीतीही खरी. सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑगस्टला परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी फेटाळली, ती याच विचारानं. पण तारीख ठरत नसली तरी नियम ठरवता येतो. करोनामुळे नीट हुकलेल्यांना 14 ऑक्टोबरला पुन्हा संधी मिळाली, तीही न्यायालयाच्या परवानगीनं, मूळ परीक्षा उरकल्यावर. हीच संधी जुलैतच जाहीर झाली असती, तर परीक्षेच्या आदल्या रात्री पोराच्या कपाळाला हात लावून बघणाऱ्या आईचा निम्मा घोर तिथंच मिटला असता.