अनेक विद्या, एक व्यासंग



परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाने पुढे काय व्हावे? गणितात उत्तम गुण मिळविणारा मुलगा जुनी नाणी जमवू लागला किंवा पोथ्या चाळू लागला, तर वडीलधारी मंडळी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे सुनावतात. ही चिंता अनाठायी नाही. चित्त खरोखरच विखुरले तर पदरी काही पडत नाही. परंतु विविधता आणि विखुरलेपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद समजण्यासाठी गोमंतकाच्याच एका सुपुत्राचे चरित्र पाहावे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद यांनी बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी ऐन तारुण्यात घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत भ्रमण केले होते. ज्ञानाची ओढ त्या घरात वारशानेच आलेली. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी आल्यावर बनारस, अलीगढ आणि १९३३ पासून बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकविले. गणित हा त्यांचा चरितार्थ होता आणि निष्ठाही.

त्या गणितातूनच पुढच्या वाटा फुटल्या. संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहावा म्हणून ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. एकेक नाणे काळजीपूर्वक तोलून या झिजेवरून नाण्यांच्या संचांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखविले. मग प्रश्न उभा राहिला, ही नाणी पाडली कोणी? उत्तरासाठी प्राचीन ग्रंथ वाचणे आले आणि त्यासाठी संस्कृत पक्के करणे आले. ते करताना त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या श्रमाचे फळ म्हणजे १९४८ ची त्यांची संशोधित आवृत्ती. पुढे ग्रंथही अपुरे वाटले, तेव्हा हे गणिताचे प्राध्यापक पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडले, दगडी हत्यारे वेचली, ग्रामदेवतांची ठाणी पाहिली. भारतीय इतिहासावरील त्यांचा मूलगामी ग्रंथ १९५६ साली आला. दरम्यान १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशिकीसाठी मांडलेले सूत्र आजही ‘कोसंबी सूत्र’ म्हणून वापरले जाते.

येथे एक विषय सोडून दुसरा धरण्याचा चंचलपणा नाही. एका प्रश्नाने दुसऱ्या प्रश्नाच्या दारात नेऊन सोडले आणि प्रत्येक दारी त्यांनी नव्या विद्यार्थ्याचे कष्ट उपसले.

अशा वाटेवर मानसन्मान आपोआप चालून येत नाही. १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची सोळा वर्षांची नोकरी संपुष्टात आली. व्यासंग मात्र थांबला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरी संस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. जन्मभूमीचा प्रश्नही अखेर त्या व्यासंगाच्या कक्षेत आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की, आवड ही कोठे तयार सापडणारी ठेव नसून हाती घेतलेले काम नेटाने करताना ती उमलते. चरितार्थाची एक विद्या पक्की करावी आणि तिच्यातून जो प्रश्न उठेल त्याचा प्रामाणिकपणे पाठपुरावा करावा. पालकांनीही मुलाला ‘तू किती विषयांत लक्ष घालतोस?’ असे विचारण्यापूर्वी ‘घातलेस त्यात किती खोल उतरलास?’ असे विचारावे. उत्तर समाधानकारक आले, तर त्या मुलाची वाट अडवू नये.