जज्जाची खुर्ची मतपेटीत नाही
(डोंबिवलीच्या अभ्यासवर्गातलं भाषण)



महापालिकेच्या इलेक्शनात आपल्या पोरांनी कल्याण ते ठाणे भिंती रंगवल्या, दुसऱ्यांच्या सतरंज्या उचलल्या. त्यातलाच एकजण मला म्हणाला, "वकीलसाहेब, जज्जाच्या जागेला उभे राहा, अख्खी वस्ती मागं उभी करतो." हसू नका. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत खालच्या कोर्टाचा जज्ज मतं मागूनच खुर्चीवर बसतो. मेक्सिकोनं तर १ जून २०२५ ला जज्जांसाठी देशभर मतदान घेतलं. आले किती? शंभरातले तेराच्या आसपास.

आपल्याकडं तसं नाही, आणि नाही तेच बरं. मतांवर बसलेला जज्ज मतांचाच हिशेब करणार. आपल्यावर बहिष्कार टाकणाऱ्या गावानं निवडून दिलेला माणूस त्याच गावच्या पाटलाच्या पोराला सजा ठोकील? राखीव जागेवरचा आपला उमेदवार कुणाच्या दारात हात जोडून उभा असतो, ते १९३२ च्या पुणे करारापासून आपण बघतोयच.

घटनेचं कलम २३४ काढा. खालच्या जज्जाची नेमणूक राज्यपाल करतात, लोकसेवा आयोग आणि हायकोर्टाशी विचारविनिमय करून. आयोगाची परीक्षा असते: पूर्व, मुख्य, मग तोंडी. तिथं राखीव जागा आहेत. हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात नाहीत. म्हणजे हक्कानं शिरावं असं दार हेच. आणि खुर्ची लहान समजू नका. पोलिसांनी उचललेलं पोरगं चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं. कोठडी की जामीन, तिथं ठरतं. कागदावरून मान वर करून "मारलं का रे तुला?" एवढं विचारणारा माणूस तिथं बसला, तर लॉकअपमधली लाठी जरा दबकून चालते.

आता या दारालाच नवी कडी लागलीय. परीक्षेला बसायच्या आधी तीन वर्षं वकिली हवी, ही अट सुप्रीम कोर्टानं २००२ साली काढली होती, ती २० मे २०२५ ला परत आणली. खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी कोण? सहा दिवसांपूर्वी सरन्यायाधीश झालेले भूषण गवई. आपल्याच अमरावतीचे, रा. सू. गवईंचे चिरंजीव. कोर्टाचं म्हणणं, कोरा पदवीधर लोकांच्या आयुष्याचा निवाडा कसा करणार? म्हणणं खोटं नाही. पण ती तीन वर्षं खायचं काय? ज्याच्या बापाचं ऑफिस आहे, त्याचा अनुभव बापाच्या टेबलावर होतो. आपलं पोरगं सिनियरची बॅग उचलतं, तारखा घेतं, आणि महिन्याच्या शेवटी लोकलच्या पासचे पैसे सुटले तर नशीब. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, शहरात ज्युनियरला महिना वीस हजार द्या. पण ती नुसती शिफारस. न देणाऱ्याचं कोण काय वाकडं करतं?

म्हणून मागणी साधी आहे. अट ठेवायची तर वेतन सक्तीचं करा. आणि सरकार देईपर्यंत आपण बसून राहायचं नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जातं, त्यात एखाद्या पोरीची कोर्टातली कितीतरी महिन्यांची सोय होईल. पोरीची म्हणतोय मी, मुद्दाम.

ठाण्यात एक, कल्याणात एक, अशा दोघींपासून सुरुवात करू. पावतीपुस्तक समोर ठेवलंय. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.