खापरांची साक्ष



आपण एकमेकांच्या माथी खापर फोडतो. पुरातत्त्वज्ञ फुटलेली खापरे जुळवतो. डॉ. एम. एस. नागराज राव यांचे संशोधन या दुसऱ्या जातीचे. बल्लारी जिल्ह्यातील टेक्कलकोटे येथील त्यांचे उत्खनन १९६३-६४चे. के. सी. मल्होत्रा यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६५ साली प्रसिद्ध केला. तुंगभद्राकाठच्या हल्लूरचा अहवाल १९७१ साली आपल्या धारवाडातून निघाला. हल्लूर तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होते. पुढे १९८४ साली ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.

टेक्कलकोट्यास हाताने घडवलेल्या राखी भांड्यांबरोबर काही निराळी खापरे मिळाली : चाकावरची, तांबडी, काळ्या रंगाने चितारलेली. ही घडण अभ्यासकांच्या ओळखीची होती. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली डॉ. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी ती उजेडात आणली होती. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरा व तुंगभद्रा या दोन खोऱ्यांचा काही संबंध होता, याची ही साक्ष.

मात्र कुंभाराची भाषा कोणती, हे खापर सांगत नाही. आणि ते सांगत नाही तेथे संशोधकाने थांबावे. सीमावादात आपण त्या कुंभारालाही आपल्या बाजूस ओढू पाहतो. कन्नड मुलखात शंभर वर्षे मराठी ग्रंथ जपणाऱ्या संस्थेस तो मोह शोभणार नाही. शताब्दीनिमित्त हे दोन्ही अहवाल आपल्या कपाटात यावेत, एवढीच माझी विनंती.