धोरण : कार्यालयापासून खाणीपर्यंत

व्यवसायाचे धोरण म्हणजे निवड. उत्पादन वाढवायचे, दर्जा सुधारायचा, ग्राहक टिकवायचा, याला कोणीच नाही म्हणत नाही. म्हणूनच ती उद्दिष्टे आहेत, धोरण नव्हे. कुठल्या ग्राहकासाठी राबायचे, कुठला सोडायचा, पैसा आणि माणसे कुठे लावायची आणि कुठून काढायची, हे ठरले की धोरणाला सुरुवात होते. त्यात कोणीतरी नाराज होतोच. कोणाच्याच वाट्याला नकार येत नसेल, तर अजून काही ठरलेले नाही असे खुशाल समजावे.

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. घराघरांत स्टील आणि ॲल्युमिनियम आले, तेव्हा कारागिरांचे कसब उणे झाले नव्हते. गिऱ्हाईक बदलले होते. नुसत्या मेहनतीने अशा वेळी निभाव लागत नाही. याच जिल्ह्यात वरठीचा सनफ्लॅग कारखाना मुख्यतः वाहनउद्योगाला लागणारे विशेष पोलाद करतो. कोणासाठी काय करायचे, या प्रश्नाचे ते एक स्पष्ट उत्तर आहे.

सर्वांत बोलका दाखला मात्र तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गचा. ही मॉयल या सरकारी कंपनीची उघडी मँगनीज खाण. १९६२ मध्ये केंद्र सरकार आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही राज्ये यांनी मिळून ५१ टक्के भागभांडवल घेऊन ही कंपनी उभी केली. उरलेला वाटा जुन्या ब्रिटिश कंपनीकडे होता. १९७७ मध्ये तोही सरकारकडे आला. मँगनीजचा मोठा ग्राहक पोलाद उद्योग, आणि पोलादाच्या बाजारात मंदी आली की खाणीलाही तिची झळ बसते. पण डोंगरी बुजुर्गमध्ये डायऑक्साइड प्रकारचे खनिज सापडते आणि ते कोरड्या बॅटरीसाठी चालते. सगळे खनिज एकाच भावाने पोलादाकडे पाठवायचे की या वेगळेपणाची किंमत वसूल करायची, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. कंपनीने दुसरा मार्ग धरला. खाणीजवळच विद्युत-विघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करणारा प्रकल्प घातला. खनिजातले मँगनीज सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचे, द्रावण गाळून शुद्ध करायचे, त्यातून वीज सोडायची. धनाग्रावर साचलेला थर काढून, धुऊन, दळून बॅटरीवाल्यांना विकायचा.

हा निर्णय नागपूरच्या मुख्यालयात झाला तरी तो खरा होतो खाणीत. खोदलेला माल प्रतीनुसार वेगळा करावा लागतो. चांगल्या प्रतीच्या ढिगात हलका माल मिसळला, तर प्रयोगशाळेत टक्का उतरतो आणि टक्क्याबरोबर भावही. माल निवडणाऱ्या कामगाराला "आज इतके टन" एवढेच सांगितले, तर तो टन भरेल. तसे करण्यात त्याची काही चूक नाही. हा ढीग बॅटरीसाठी जातो, तो पोलादासाठी, आणि म्हणून यात त्यातला दगड चालणार नाही, हे त्याला कळले तरच धोरण त्याच्या हातापर्यंत पोचले. टनावर हजेरी आणि प्रतीवर भाषण अशी फारकत असेल, तर माणूस हजेरीचेच ऐकतो. मोजमाप, बक्षीस आणि बढती धोरणाशी जुळलेली नसतील, तर बाकी सगळा संवाद वाया जातो.

धोरण पोचवण्यातली पहिली अडचण भाषेची. आराखडा इंग्रजीत लिहिला जातो, बैठक हिंदीत होते आणि पाळी सुरू होताना बोलणे इथल्या झाडीबोलीत चालते. या तीन पायऱ्यांत "का" हा भाग गळून पडतो आणि "काय" तेवढे उरते. कारण कळलेला माणूस न सांगितलेल्या प्रसंगीही नीट वागतो. नुसता हुकूम मिळालेला माणूस नव्या प्रसंगी अडून बसतो. म्हणून आराखडा वाटण्यापेक्षा फोरमनला तो स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, हे तपासणे अधिक मोलाचे.

दुसरी अडचण दिशेची. वरून खाली सांगणे म्हणजेच संवाद असा समज सर्रास दिसतो. जपानी कारखान्यांनी यासाठी वेगळी पद्धत बसवली: वरिष्ठांचे उद्दिष्ट खाली जाते, खालचा विभाग काय जमेल, कशासाठी काय लागेल हे सांगून ते परत पाठवतो आणि अशा फेऱ्यांतून आकडे ठरतात. दर्जा व्यवस्थापनासाठी दिल्या जाणाऱ्या डेमिंग पुरस्काराच्या परीक्षणात या बाबीला महत्त्व असते. अशोक लेलँडच्या पंतनगर कारखान्याला हा पुरस्कार २०१६ मध्ये आणि होसूरच्या एका कारखान्याला २०१७ मध्ये मिळाला. याच कंपनीचा भंडारा जिल्ह्यातल्या गडेगावचा कारखाना गिअरबॉक्स तयार करतो. तिथले गिअरबॉक्स दूरच्या दुसऱ्या कारखान्यांतल्या गाड्यांत बसतात. चेन्नईच्या मुख्यालयात ठरलेले वेळापत्रक गडेगावच्या मशीनवर कळले नाही, तर शेकडो मैलांवर गाडी अडते.

खालून वर येणारी माहिती हाच धोरण तयार करण्याचाही कच्चा माल असतो. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातले तलाव, त्याची जुनी साक्ष आहेत. कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून पाळ घातली, सांडव्याची जागा धरली आणि धानाला लागणारे पाणी साठवले. कुठे किती पाणी थांबते हे रोज बांधावर असणाऱ्यांनाच ठाऊक होते. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, निस्तार हक्क, म्हणजे वापराचे हक्क, गावाकडे राहिले. देखभाल कोणी करायची हे धूसर झाले आणि पुष्कळ तलाव गाळाने भरले. मालकी बदलताना नवी जबाबदारी कोणाची हे ठरवून सर्वांना सांगितले गेले नाही, तर किती नुकसान होते, ते इथे दिसते.

आज पदवी घेणारे स्नातक बहुधा मधल्या फळीत रुजू होतील: पर्यवेक्षक, हिशेबनीस, विक्री अधिकारी. वरचा निर्णय खालच्या कामात उतरवणे आणि खालची अडचण वर पोचवणे ही दोन्ही कामे याच फळीची. दुसरे काम जास्त कठीण आहे, कारण वाईट बातमी वर नेणाऱ्याला शाबासकी क्वचितच मिळते. ज्या संस्थेत ती निर्धास्तपणे सांगता येते, तिथे चुकलेले धोरण तिमाहीत सुधारते. जिथे येत नाही, तिथे ताळेबंद लागेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

धोरण बदलले की जुने कधीपासून संपले हेही तितक्याच ठळकपणे सांगावे लागते. नाहीतर एक विभाग नव्या याद्यांवर आणि दुसरा जुन्या दरांवर काम करत राहतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.