पांझरेच्या फडातलं गाव



आज मला तुमच्याशी एका गावाबद्दल बोलायचं आहे. गाव लहान आहे, धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. नाव मुद्दामच घेत नाही. पिंपळनेर, सामोडे, कासारे, नेर या पट्ट्यात तुम्ही राहत असाल, तर तुम्हाला ते तुमचंच वाटेल.

धुळ्याहून पश्चिमेला निघालं की दोन्ही हातांना माळ लागतो. उन्हाळ्यात तो भाजलेल्या खापरासारखा दिसतो. या माळातून काळ्या दगडाच्या लांब, अरुंद टेकड्या निघालेल्या आहेत, कुणी भिंत घालत नेली असावी इतक्या सरळ. जमिनीच्या भेगांमधून वर चढलेला तप्त रस आतच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या. मैलोगणती चालतात त्या. आणि मग एका वळणावर खाली हिरवं दिसतं. माळाची रेघ जिथे संपते तिथेच हिरवं सुरू होतं, मध्ये काही नाही. त्या हिरव्याच्या वरच्या अंगाला पाट आहे. पाटाच्या वर कोरडवाहू आणि पाटाच्या खाली फड.

फड हा शब्द उरलेल्या महाराष्ट्रात तमाशाचा, कुस्तीचा किंवा ऊसतोडीचा. आमच्याकडे फड म्हणजे बागायतीचा मोठा तुकडा, साऱ्या गावाने मिळून पिकवायचा. नदीत आडवा कातळ सापडला तिथे दगड-चुन्याचा बंधारा घातलेला. बंधाऱ्याच्या बगलेतून पाट निघतो आणि उतार सांभाळत सांभाळत दोन कोस, कधी त्याहूनही लांब जातो. पाटाला चाऱ्या फुटतात, चारीतून पाणी सारंगाने, म्हणजे लहान नालीने, शेतात उतरतं आणि जास्तीचं झालं तर सांडमेवाटे पुन्हा नदीला मिळतं. खालच्या गावाचा बंधारा ते अडवतो. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली पांझरा धुळे शहर ओलांडून मुडावदजवळ तापीला मिळते. त्या वाटेवर तिचं पाणी अशा किती बंधाऱ्यांनी किती वेळा हातात घेतलं आणि पुन्हा सोडून दिलं! ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षांची मानतात. पांझरेवर आहे, तशी मोसम आणि आरम नद्यांवरही होती.

गावाच्या बागायतीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक. उसाचा फड म्हणजे सगळा ऊस, गव्हाचा फड म्हणजे सगळा गहू. पुढच्या वर्षी पिकं फड बदलतात. देवळाच्या पारावरून लहानपणी मी पाहायचो तेव्हा खाली एकच रंग दिसायचा, कुठे कुंपण नाही, काटेरी तार नाही. कुणाचं शेत कुठे संपतं हे फक्त त्या त्या घरच्या माणसाला ठाऊक. वीतभर बांध, तोही पिकाच्या पोटात गडप. चारीपासून नदीकडे उतरत गेलेल्या लांबट पट्ट्या, आणि बहुतेक घरांची एकेक पट्टी प्रत्येक फडात.

यातच साऱ्या गोष्टीचं मर्म आहे. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी पंच बसायचे आणि ठरवायचे: यंदा दोनच फड भिजतील, दोन पडीक राहतील. पाणी तुटलं तर सगळ्यांचं तुटायचं. एकाचा मळा हिरवा आणि शेजाऱ्याचा करपलेला, असं फडात होत नसे. दुष्काळ टाळता येत नव्हता, पण त्याची वाटणी करता येत होती. माझ्या मते आमच्या पूर्वजांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम. बंधारे पाडता येतात, बांधता येतात. आपल्याला कमी पडणार हे माहीत असूनही चार माणसांत बसून मान डोलावणं फार अवघड असतं.

आणि शेतकऱ्याने आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही, हा नियम. पाणी देणार पाटकरी. त्याच्या हातात फावडं, कमरेला गुंडाळलेलं धोतर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने राखाडी. मी त्याला आबा म्हणायचो. आबा चारीच्या काठावर उकिडवा बसायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. पाणी सरीच्या शेवटाला टेकलं की नाही हे त्याला न जाता कळायचं. सरीच्या तोंडाशी धार सुस्तावायची, काडीकचरा जागच्या जागी गोल फिरायला लागायचा. मग तो उठायचा. फावड्याचा एक घाव, मातीचं ढेकूळ उचललेलं, त्यात गवताची पेंडी खुपसलेली, आणि टाचेने दाबून बारं बंद. पुढच्या फावड्याला दुसरं बारं उघडलेलं. मध्ये ओंजळभरही पाणी वाया नाही. पाटलाचं शेत असो की विधवेचं, आबाची टाच तेवढ्याच वेळाने पडायची. पाटकऱ्याच्या वर हवालदार, आणि पिकाच्या राखणीला जागले. मोबदला पिकातून, खळ्यावर.

एक गोष्ट लपवू नये. हा करार फडात जमीन असलेल्यांचा होता. आमच्या गावचा जागल्या भिल्ल घरचा. रात्रभर तो ज्या उसाभोवती हिंडायचा, त्यात त्याची एक सरीही नव्हती. फडाचं कौतुक करताना त्याचं नाव घेतलं पाहिजे आणि उद्या फड पुन्हा उभे करायचे झाले, तर त्यालाही पाण्यात वाटा दिला पाहिजे.

फडाने गावाची बोलण्याची रीतही घडवली. अहिराणीत सकाळी एकमेकांना हाक मारायची, ती "पानी उनं का, भो?" अशी. उनं म्हणजे आलं. पाणी माझं की तुझं हा प्रश्नच त्यात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांची सालं बदलायची, बाया झोक्यावर गौराईची गाणी म्हणायच्या, घागरीवर डांगर ठेवून पितरांना पाणी दिलं जायचं आणि त्याच सुमारास आमच्या गावची माणसं पारावर जमून पुढच्या वर्षाचं ठरवायची. कोणत्या फडात काय, पाटकरी कोण, पाटातला गाळ कधी काढायचा. गाळाला घरटी एक माणूस. ज्याच्या घरात कर्ता पुरुष नाही, त्याच्या वाटचं शेजारी ओढायचा. श्रावणात कानबाई देवी बसायची, रोटांचा वास गल्लीभर, आणि दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर न्यायचे. त्या वेळी बंधाऱ्यावरून पाण्याचा पांढरा पडदा कोसळत असायचा.

तशी ही नदी गरीब नाही. 1872 साली तिच्या पुराने धुळ्याची मोठी हानी केली होती. आणि 1884 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण इंजिनीयर मुंबई सरकारच्या नोकरीत नवा नवा आला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या पाण्याखालून नळ नेण्याचं होतं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पट्टे पाडून, पिकं ठरवून पाणी देण्याची ब्लॉक पद्धत बसवली. आमच्या फडाशी तिचं साम्य पाहून मला दर वेळी भरून येतं.

आता थोडं दूर जाऊ. इंग्लंडमधल्या खेड्यांची चित्रं आपण कॅलेंडरवर पाहिली आहेत: हिरव्या टेकड्या आणि त्यांच्यावर झुडपांच्या कुंपणांनी पाडलेले चौकोन. ते चौकोन फार जुने असतील असं वाटतं. पण त्यांतले पुष्कळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. त्याआधी तिथल्या अनेक गावांची शेतं आमच्या फडासारखीच उघडी होती. कायदे झाले, कुंपणं उभी राहिली आणि सामाईक शेती मोडली. नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्सटन हे गाव मात्र राहिलं. तिथे आजही तीन मोठी उघडी शिवारं आहेत, त्यांत शेतकऱ्यांच्या लांब पट्ट्या आहेत, आणि दर वर्षी एक शिवार पाळीपाळीने विसावा घेतं. हिवाळ्याच्या तोंडाला गावातले पंच शिवार चालून पाहतात. कुणी नांगर वाटेवर घातला असेल तर गावच्या न्यायसभेत दंड होतो. 1635 साली काढलेला त्या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे, आणि लोक लांबून ते शिवार बघायला येतात.

लॅक्सटनच्या शेतांना पाऊस पुरतो. आमच्या माणसांनी जमिनीच्या जोडीला वाहतं पाणीही वाटून घेतलं. हे काम लॅक्सटनकरांच्या कामाहून कठीण होतं, असं मी ठामपणे म्हणतो.

आज आमच्या गावाचं काय आहे? वर लाटीपाडा धरण झालं, कान नदीवर मालनगाव झालं, खाली अक्कलपाडा झालं. धरणांनी पुष्कळांना पाणी दिलं, ते नाकारायचं कारण नाही. पण नदीचं वाहणं आवर्तनावर गेलं, आणि पंचांना ठरवायला पाणीच हातात राहिलं नाही. त्याच काळात विहिरी खणल्या गेल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याची विहीर त्याचं पाणी आणि ज्याचं पाणी त्याचं पीक. आता पारावरून खाली पाहिलं की कांदा, मका, कापूस, शेवगा असे ठिगळासारखे तुकडे दिसतात, मध्ये तारा. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना बंद पडला, तेव्हा उसाच्या फडांचं उरलंसुरलं कारणही गेलं. काही गावांत पाट अजून वाहतात, पाटकरी अजून नेमले जातात. आमच्या गावी पाटात बाभळी आहेत. विहिरी मात्र दर उन्हाळ्याला खोल खोल चालल्या आहेत, कारण पाट वाहायचा तेव्हा तोच विहिरींना पाझर द्यायचा. हे आम्हाला पाट बुजल्यावर कळलं.

मागच्या उन्हाळ्यात मी बंधाऱ्यावर गेलो होतो. दगडांमधला चुना अजून नखाने निघत नाही. पाटाच्या तोंडाशी गाळ कमरेइतका. एक म्हातारे जिभाऊ काठी टेकत माझ्याबरोबर आले. चालता चालता ते एकेका चारीचं नाव सांगत होते. एक चारी चिंचेवरून, एक कुणा जुन्या पंचाच्या नावावरून, एक तिथे बुडालेल्या बैलावरून. अकरा नावं सांगून ते थांबले. बाराव्या चारीपाशी बराच वेळ उभे राहिले, पण त्यांना नाव आठवलं नाही.

पांझरा, मोसम, आरम, कान या नद्यांच्या काठी जे कुणी मला ऐकत असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या आखाजीच्या आत एक दिवस काढा. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर घ्या, बंधाऱ्यापासून शेवटच्या सांडमेपर्यंत पाट चालत जा, आणि चाऱ्यांची नावं वहीत उतरवून घ्या. शाळेतली पोरंही सोबत न्या. पुढे गाळ काढायचा की नाही, ते पारावर बसून ठरवा.